इटलीत विमान दुपारी दीडला उतरतं, मग हॉटेलात पोहोचायला संध्याकाळचे पाच का वाजतात? ट्रिपच्या पहिल्या दिवसाचं खरं गणित

'आठ दिवसांत संपूर्ण इटली' असं एखादं रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. त्यातला पहिला दिवस साधारण असा असतो : दुपारी रोममध्ये आगमन, हॉटेलात चेक-इन, मग कोलोसियम, संध्याकाळी ट्रेव्ही फाउंटन आणि रात्री त्रास्तेवेरेच्या गल्लीत पास्ता.

वाचायला भारी वाटतं. पण या यादीत एक मोठी गोष्ट गायब असते. विमानाचं चाक जमिनीला टेकण्यापासून ते हॉटेलच्या खोलीची किल्ली हातात पडेपर्यंतचा वेळ कुणीच धरलेला नसतो. तो वेळ तीन ते चार तास असू शकतो.

फक्त थोडी दमछाक झाली असती तर प्रश्न नव्हता. पण त्या दिवसाची कोलोसियमची ठरावीक वेळेची तिकिटं, पुढच्या शहराची स्वस्तात काढलेली ट्रेन, बुक केलेला गाइड, असं बरंच काही त्या तीन तासांवर अवलंबून असतं. एक गोष्ट चुकली की मागोमाग बाकीचीही चुकतात, आणि पैसे युरोमध्ये जातात.

म्हणूनच पहिल्या दिवसाचं प्लॅनिंग कसं करायचं, ते सविस्तर समजून घेऊ.

आधी तास मोजूया

समजा, पुण्यातलं चौघांचं कुटुंब मे महिन्यात इटलीला निघालंय. मुंबईहून पहाटे ४ चं विमान आहे, म्हणजे पुण्यातल्या घरातून रात्री ९ लाच निघायला हवं. दुबईत विमान बदलून ते रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावर दुपारी १.३० ला उतरतात.

उन्हाळ्यात भारत इटलीच्या साडेतीन तास पुढे असतो, तर हिवाळ्यात साडेचार तास. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात, म्हणून हा फरक. म्हणजे रोममध्ये दुपारचे १.३० वाजलेत तेव्हा पुण्यात संध्याकाळचे ५ वाजलेत. हे कुटुंब घरातून निघून २० तास झालेत, आणि झोप झाली असेल तर ती खुर्चीत बसून, तुकड्या-तुकड्यांत.

आता इथून पुढचा अंदाज बघा :

- १.३० : विमान उतरलं.
- १.५५ : दार उघडलं, चालत पासपोर्ट तपासणीच्या रांगेपर्यंत पोहोचले.
- ३.०० : पासपोर्टवरचं काम झालं.
- ३.३० : बॅगा हातात आल्या.
- ४.०० : स्टेशन शोधलं, तिकीट काढलं, ट्रेनमध्ये बसले.
- ४.३५ : रोमच्या टर्मिनी स्टेशनवर उतरले.
- ५.१० : बॅगा ओढत हॉटेलात पोहोचले.

नशीब जोरावर असेल तर यातला तासभर वाचेल. त्याच वेळी दोन-तीन मोठी विमानं उतरली असतील तर तासभर वाढेलही. दोन्ही शक्यता धरून एक साधा नियम करता येतो : चेक-इन बॅग असेल तर उतरण्याच्या वेळेत साडेतीन तास मिळवा, फक्त केबिन बॅग असेल तर तीन. तुमचा दिवस तिथून सुरू होतो.

पासपोर्टच्या रांगेत इतका वेळ का जातो?

युरोपीय संघाच्या नागरिकांची रांग वेगळी असते आणि ती झरझर पुढे सरकते. भारतीय पासपोर्ट असेल तर शेवटी अधिकाऱ्यासमोर उभं राहावंच लागतं. तो व्हिसा बघतो, कधी हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि प्रवास विमाही मागतो. (शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं विमा संरक्षण लागतं, त्याचाच हा कागद.) हे सगळं फोनमधल्या ईमेलमध्ये शोधत बसण्यापेक्षा छापून हातातल्या बॅगेत ठेवा. रांगेत नेट चालेलच असं नाही.

यात आता एक नवी पायरी आली आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात 'एंट्री/एक्झिट सिस्टीम' म्हणजेच 'ईईएस' टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ती सगळ्या सीमांवर लागू करायचं वेळापत्रक ठरलं. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी तुमच्या येण्या-जाण्याची नोंद डिजिटल पद्धतीने होते. पहिल्यांदा जाताना चेहऱ्याचा फोटो घेतला जातो. शेंगेन व्हिसा काढताना तुम्ही बोटांचे ठसे आधीच दिलेले असतात, त्यामुळे सीमेवर त्यांच्याशी पडताळणी होते. एका माणसामागे दोन-तीन मिनिटं वाढली, तरी पुढे शंभर जण असतील तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

विमान कुठे बदलताय, त्यावर रांग कुठे लागणार ते ठरतं

हा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. इटली शेंगेन क्षेत्रात आहे. तुम्ही दुबई, दोहा किंवा अबुधाबीमार्गे गेलात तर इमिग्रेशन इटलीत होतं. पण फ्रँकफर्ट, म्युनिक किंवा पॅरिसमार्गे गेलात तर शेंगेनमध्ये तुमचा प्रवेश तिथेच होतो, म्हणजे इमिग्रेशनची रांगही तिथेच. पुढचं विमान मग देशांतर्गत विमानासारखं असतं आणि इटलीत उतरल्यावर तुम्ही थेट बॅगेच्या पट्ट्याकडे जाता.

याचा फायदा असा की इटलीत पोहोचल्यावर वेळ वाचतो. तोटा असा की फ्रँकफर्टला दोन विमानांमध्ये फक्त सव्वा तास असेल तर पासपोर्टच्या रांगेतच पुढचं विमान सुटू शकतं. अशा मार्गावर किमान दोन तास, शक्य असेल तर अडीच तास ठेवा.

आणखी एक काळजी घ्या. दोन्ही विमानांचं तिकीट एकाच बुकिंगवर असायला हवं. मग पहिलं विमान उशिरा पोहोचल्यामुळे दुसरं चुकलं, तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी विमान कंपनीची असते. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. नवं तिकीट आपल्याच खिशातून काढावं लागतं.

विमानतळावरून शहरात : कुठे किती वेळ?

सगळ्यात आधी तिकिटावर विमानतळाचं नाव नीट वाचा. रोमला दोन विमानतळ आहेत, फ्युमिचिनो आणि चाम्पिनो. मिलानसाठी तर तीन आहेत : मालपेन्सा, लिनाते आणि बेर्गामो. 'व्हेनिस' म्हणून विकलं जाणारं स्वस्त तिकीट कधीकधी त्रेव्हिझो या दुसऱ्याच शहराच्या विमानतळाचं असतं.

रोम (फ्युमिचिनो) : शहरापासून साधारण ३० किलोमीटर. लिओनार्दो एक्सप्रेस ही ट्रेन मध्ये कुठेही न थांबता ३२ मिनिटांत टर्मिनीला पोहोचवते. भाडं माणशी १४ युरो. रात्री साडेअकराच्या सुमाराला ती बंद होते. एफएल १ ही लोकल ८ युरोंत जाते, पण ती टर्मिनीला जात नाही. त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से, तिबुर्तिना या स्टेशनांवर थांबते. हॉटेल त्या बाजूला असेल तर तीच सोयीची.

चौघं असाल तर इथे एक मजेशीर हिशेब आहे. एक्सप्रेसची चार तिकिटं म्हणजे ५६ युरो. फ्युमिचिनोहून रोमच्या जुन्या तटबंदीच्या आत, म्हणजे ऑरेलियन भिंतींच्या आतल्या भागात, टॅक्सीचं भाडं ठरवून दिलेलं आहे. २०२४ मध्ये वाढ झाल्यावर ते ५५ युरो झालं आणि त्यात सामानही आलं. म्हणजे चौघांना टॅक्सी जवळपास ट्रेनच्याच भावात पडते, आणि तीही थेट हॉटेलच्या दारापर्यंत. सोबत आई-वडील असतील तर दुसरा विचारच नको. फक्त पांढऱ्या रंगाची अधिकृत टॅक्सी बाहेरच्या स्टँडवरूनच घ्या. आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' करणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

मिलान (मालपेन्सा) : शहरापासून सुमारे ५० किलोमीटर. मालपेन्सा एक्सप्रेस ट्रेनने मध्य मिलान गाठायला पाऊण ते एक तास लागतो. टॅक्सीचं ठरलेलं भाडं १०० युरोंच्या वर आहे. त्याउलट लिनाते शहराला लागूनच आहे आणि तिथून एम ४ मेट्रो थेट मध्यवर्ती भागात जाते.

व्हेनिस (मार्को पोलो) : बस पियात्साले रोमापर्यंत २०-२५ मिनिटांत पोहोचवते, पण गाड्यांचा रस्ता तिथेच संपतो. पुढे बोट किंवा पायपीट. विमानतळावरून निघणाऱ्या आलिलागुना बोटीने सान मार्कोला जायला तासाहून जास्त वेळ लागतो. व्हेनिसमधल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत. ३० किलोंची बॅग घेऊन असे चार-पाच पूल चढायचे का, हे हॉटेल बुक करतानाच नकाशा उघडून ठरवा. हॉटेलपासून सगळ्यात जवळचा बोटीचा थांबा कोणता, ते विचारून घ्या.

फ्लोरेन्स आणि नेपल्स : ही दोन्ही विमानतळं शहराच्या अगदी जवळ आहेत. फ्लोरेन्सला टी २ ट्राम साधारण २० मिनिटांत सान्ता मारिया नोव्हेला स्टेशनपाशी आणून सोडते. नेपल्सला अलिबस नावाची बस मध्यवर्ती स्टेशन आणि बंदरापर्यंत जाते.

उतरल्या उतरल्या दुसऱ्या शहरात जायचं का?

'रोमला उतरायचं आणि त्याच दिवशी ट्रेनने फ्लोरेन्स' हा प्लॅन फार लोकप्रिय आहे. हायस्पीड ट्रेन दीड तासात नेते, त्यामुळे कागदावर तो सोपाच दिसतो.

अडचण तिकिटाची असते. फ्रेच्चारोसा किंवा इतालो या हायस्पीड गाड्यांचं तिकीट ठरावीक तारखेच्या ठरावीक गाडीचंच असतं. त्रेनितालियाचं 'सुपर इकॉनॉमी' तिकीट स्वस्त असतं, पण ते बदलता येत नाही आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत. वरच्या उदाहरणातल्या कुटुंबाने दुपारी ३.३० च्या गाडीची अशी चार तिकिटं काढली असती, तर ती गाडी सुटली तेव्हा ते बॅगेच्या पट्ट्याजवळ उभे असते.

मग काय करायचं? तीन पर्याय आहेत :

१. पहिली रात्र विमान उतरतं त्याच शहरात काढा. सगळ्यात सोपा मार्ग हाच.

२. पुढे जायचंच असेल तर 'बेस' दराचं तिकीट काढा. ते थोडं महाग असतं, पण गाडी बदलता येते. उतरण्याच्या वेळेनंतर किमान चार-साडेचार तासांनी सुटणारी गाडी धरा, आणि त्यानंतरही त्या दिवशी आणखी दोन-तीन गाड्या आहेत ना, ते तपासा.

३. सुरुवातच वेगळ्या शहरातून करा. उदाहरणार्थ, जाताना व्हेनिस किंवा मिलानला उतरायचं आणि परतीचं विमान रोमहून पकडायचं. अशा तिकिटाला दरवेळी जास्त पैसे पडतातच असं नाही, आणि परत फिरून त्याच शहरात येण्यात जाणारा अर्धा दिवस वाचतो.

भाड्याची गाडी घेणार असाल तर ती दुसऱ्या दिवशी घ्या. रात्रभराच्या जागरणानंतर अनोळखी देशात रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणं धोक्याचं आहे. शिवाय इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेडटीएल' म्हणजे परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही असे भाग असतात. तिथे कॅमेरे लावलेले असतात आणि दंडाची नोटीस तुम्ही घरी परतल्यावरही येऊ शकते. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवानाही लागतो.

हॉटेलात पोहोचलो, पण खोली मिळेल का?

इटलीत खोली साधारण दुपारी २ किंवा ३ नंतर मिळते. सकाळी ७ ला उतरलात तर पाच-सहा तास खोलीविना काढावे लागतील. बहुतेक हॉटेलं बॅगा ठेवून घेतात. अपार्टमेंट घेतलं असेल तर तिथे रिसेप्शन नसतं, त्यामुळे बॅगांचं काय करायचं ते आधीच विचारा. टर्मिनीसारख्या मोठ्या स्टेशनांवर पैसे देऊन सामान ठेवायची सोय आहे.

रात्री उशिरा पोहोचणार असाल तर मालकाला विमानाचा नंबर आणि पोहोचण्याची खरी वेळ कळवा. काही ठिकाणी रात्री ८-९ नंतर चेक-इनसाठी जादा पैसे घेतात. हे बुकिंगच्या अटींमध्ये खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

चेक-इनला प्रत्येकाचा पासपोर्ट मागितला जातो. यात संशय घेण्यासारखं काही नाही. पाहुण्यांची माहिती पोलिसांना कळवणं तिथल्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याच वेळी 'सिटी टॅक्स'ही भरावा लागतो, आणि तो बहुतेकदा ऑनलाइन बिलात धरलेला नसतो. रोममध्ये तीन तारांकित हॉटेलसाठी तो एका रात्रीला माणशी ६ युरो आहे. म्हणजे चौघांचे तीन रात्रींचे ७२ युरो. ही रक्कम बजेटमध्ये आधीच लिहून ठेवा.

बॅगेत लाडू चालतील, हापूस नाही

विमानतळावरचा वेळ वाढवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे खाऊ. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशांनी मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पनीर, पेढे, बर्फी घरीच ठेवा. ताजी फळं आणि भाज्यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना. त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची जुडी नेऊ नका. चकली, चिवडा, तेलातल्या पिठाच्या वड्या किंवा तेल घालून केलेले लाडू यांची अडचण येत नाही.

हा खाऊ पहिल्या दिवशी उपयोगी पडतो, कारण इटलीतल्या बऱ्याच रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं दुपारी अडीच-तीनला बंद होतात ती संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. तुम्ही साडेपाचला भुकेले बाहेर पडलात तर ताटातलं जेवण मिळणं अवघड. तेव्हा 'पित्सा अल तालियो' लिहिलेलं दुकान शोधा. तिथे पिझ्झा तुकडा कापून, वजनावर देतात आणि अशी दुकानं सहसा दुपारभर सुरू असतात. शाकाहारींसाठी मार्गेरिता असतोच. चीज नको असेल तर टोमॅटो-लसणाचा मारिनारा घ्या.

संप असेल तर?

इटलीत वाहतुकीचे संप नेहमीचे आहेत. तिथे त्यांना 'शोपेरो' म्हणतात. पण ते अचानक होत नाहीत, तारीख आधी जाहीर होते. निघण्याच्या आठवडाभर आधी 'sciopero' हा शब्द आणि तुमची तारीख टाकून बातम्या शोधा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. २५ एप्रिल, १ मे, २ जून आणि १५ ऑगस्टला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, त्यामुळे बस कमी धावतात. महाराष्ट्र दिनाच्या सुट्टीला जोडून जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग पहिल्या दिवशी करायचं काय?

वेळेचं बंधन असलेलं काहीही पहिल्या दिवशी ठेवू नका. कोलोसियमचं तिकीट ठरावीक वेळेचं आणि तुमच्या नावाचं असतं. मिलानमधलं लिओनार्दो दा विंचीचं 'द लास्ट सपर' बघायला फक्त १५ मिनिटं मिळतात आणि ती वेळ चुकली की संपलं. अशा गोष्टी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा.

सकाळी उतरत असाल तर बॅगा हॉटेलात टाका, आसपास फिरा, दोनच्या आत जेवा आणि खोली मिळाल्यावर फक्त तासभर झोपा. अलार्म लावूनच.

दुपारी उतरत असाल तर थेट हॉटेल, आंघोळ, आणि मग तिकीट लागत नाही अशा जागी चक्कर. रोममध्ये पियात्सा नव्होना आणि पँथिऑनसमोरचा चौक यासाठी मस्त आहेत. साडेसातला जेवण. तेव्हा उन्हाळ्यात तुमच्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे ११ वाजलेले असतात. नऊ-साडेनऊला झोपलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे आपोआप जाग येईल, आणि गर्दी व्हायच्या आत शहर बघता येईल.

रात्री नऊनंतर उतरत असाल तर टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा, खायचं सोबत ठेवा आणि हॉटेल स्टेशनच्या किंवा विमानतळाच्या जवळच घ्या.

निघण्याच्या आदल्या दिवशी एका कागदावर हॉटेलचं नाव, इटालियनमध्ये पत्ता, फोन नंबर आणि चेक-इनची वेळ लिहा. त्याचा फोटो सोबतच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका. नेट नसताना, बॅटरी संपलेली असताना किंवा गर्दीत कुणी मागे राहिल्यावर टॅक्सीवाल्याला दाखवायला तो कागद पुरेसा होतो.